अवसेचं दूध

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

लोहारा
१२ मार्च १९८६

ती. सौ. धुरपदा वन्सं यांस,
चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, राग नसावा. शिवरात्र आणि मागोमाग सोमवती अवस, दोन्ही उपास अंगावरून गेले तेव्हा आज कुठं टेकले आहे. इकडे सर्व खुशाल. आत्याबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत, आवाजही आहे तसाच आहे. तुमचे बंधू शेतात काही नसलं तरी रोज एक चक्कर मारून येतात. कशाला जाता म्हणून विचारलं तर म्हणाले, आपण सोडून दिलं असं जमिनीला वाटू नये.

पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. आला की घागरी वाजतात आणि गेला की बायका वाजतात. कडबा मिळतो तो काळा पडलेला. तरी गावात म्हशी टिकून आहेत त्या आपल्या दूध संस्थेमुळं. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा ती नुसती बोलण्यात होती. आता महादेवाच्या देवळाच्या ओवरीत रोज सकाळी बायकांचं दूध गोळा होतं आणि शीतकरण केंद्राची गाडी ते घेऊन जाते. आत्याबाई अध्यक्षा आहेत. मी मॅट्रिक झाले ह्या एका गुन्ह्यासाठी मला चिटणीस केलं आहे. कॅन घासणं, माप धरणं, ओवरी झाडणं हे सगळं पाळीपाळीनं, बिनपगारी. भजनाला येणाऱ्याच बायका, त्यामुळं पहिलं माप ओतताना आत्याबाई महादेवाचं नाव घेतात आणि बाकीच्या, हातात टाळ नसले तरी, मान हलवतात.

आता काळजीची गोष्ट. आपल्यात अवसेला दूध घराबाहेर घालत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच. नैवेद्याची खीर करायची, उरलेलं घरात खायचं, पण विकायचं नाही. परवा सोमवतीला सगळ्या गावानं ते कडक पाळलं. गाडीवाला बलभीम आला तर ओवरीत दोन रिकामे कॅन आणि आमच्या आत्याबाई. त्यानं विचारलं, दूध कुठाय. आत्याबाईंनी सांगितलं, देवाकडं. तो म्हणाला, मग पावती पण देवाकडूनच घ्या, आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

काल त्याच्याबरोबर केंद्राचा निरोप आला. दुष्काळात डिझेल जाळून गाडी आणायची तर कॅन भरलेले पाहिजेत. एखादा दिवस चालवून घेतील, पण लागोपाठ दोन दिवस कॅन भरले नाहीत तर लोहाऱ्याचा थांबा बंद. थांबा बंद झाला तर दूध जायचं कुठं? स्टँडवर सोमलिंगाच्या हॉटेलात जाऊन जाऊन किती जाणार? मग म्हशी दावणीला ठेवून काय करायच्या? दारोदार फिरून बायकांना संस्थेत मी आणलं, म्हणून झोपताना हेच डोक्यात असतं.

एक राहिलं. बौद्धवाड्यातली कडूबाई आली होती. तिला संस्थेत नाव घालायचं आहे. तिची म्हैस चांगली दुधाची आहे, माकणीच्या धरणाकडं नेऊन चारते. पण सोमलिंग मनाला येईल तेव्हा दूध घेतो, मनाला येईल तेव्हा अर्धं परत करतो. असंच राहिलं तर पाडव्यानंतरच्या बाजारात म्हैस विकावी लागेल म्हणाली. बैठकीत विषय काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीत बघू असं ठरलं. मागच्या बैठकीतही असंच ठरलं होतं.

दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा. आहे ती माया राहू द्यावी.

तुमची
चांगुणा


॥ श्री ॥

सोलापूर
२० मार्च १९८६

चि. सौ. चांगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आंतर्देशीयात एवढं बारीक लिहितेस की दाजींचा चष्मा घालून वाचावं लागतं. कागद वाचवायचा म्हणून नणंदेचे डोळे घालवू नकोस. पुढच्या वेळी दोन पत्रं टाक, मी काही तुझ्या नवऱ्याला सांगत नाही.

आम्ही बरे आहोत. चाळीत नळ पहाटे येतो आणि भांडणं लगेच त्याच्या मागून येतात. दाजींची मिल सुरू आहे, किती दिवस ते मिललाच माहीत.

तुझ्या आत्याबाईंचं, म्हणजे आमच्या आईचं उत्तर वाचून हसले. तिला सांग, देव पावती देत नाही, म्हणून तर बाई माणसाला चिटणीस करावं लागतं. पण थांबा जाऊ देऊ नकोस. इथं सरकारी दुधासाठी रांगेत उभं राहते तेव्हा वाटतं, ह्यात आपल्या लोहाऱ्याचंही घोटभर असेल. आई इथं आली होती तेव्हा तेच दूध प्यायली. मी विचारलं, हे कुणाच्या घरचं म्हणून चालतं तुला? तर म्हणाली, सरकारला जात नसते. हे तिला आता आठवून देऊ नकोस, माझ्या नावानं ओरडेल.

कडू माझ्या बरोबरीची. खुरपायला तिची पात माझ्या कायम पुढं असायची आणि तोंड त्याच्याही पुढं. तिनं तुझ्या दारात येऊन मागितलं म्हणजे फारच झालं असेल. पण आईच्या मनाविरुद्ध काही करायला जाऊ नकोस. आईला ढकललं की ती बसते, हे तुला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. तिला आपण होऊन उठू द्यावं लागतं.

पुढच्या अवसेचं काय ठरवलंस ते कळव. आबाला म्हणावं, जमिनीला भेटतोस तसा कधी बहिणीलाही भेट.

तुझी
धुरपदा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

लोहारा
२ एप्रिल १९८६

ती. सौ. धुरपदा वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्या वेळी अक्षर मोठं काढते आहे, म्हणून दाजींची चौकशी शेवटच्या घडीत मावेल तेवढीच.

अवसेचा तोडगा मला सापडला आहे. पंचांग घेऊन बसले होते. फाल्गुनाची अवस मंगळवारी दुपारी लागते आणि बुधवारी दुपारच्या आत संपते. आपलं दूध जातं सकाळी. म्हणजे मंगळवारच्या धारेला अवस लागलेलीच नसते, ते दूध घालायला काही हरकत नाही. बुधवारी सूर्य उगवताना अवस असते, म्हणून तो एकच दिवस पाळायचा. एक दिवस केंद्र चालवून घेतं. देवाचंही राहिलं आणि गाडीचंही राहिलं.

आत्याबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, देवानं अवस दुपारी लावली ती काही बलभीमाच्या गाडीसाठी लावली नसंल, पण लागलीच हाय तर बघू. म्हणजे हो म्हणाल्या.

सगळ्यांना नीट कळावं म्हणून ओवरीतल्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. अमावस्या प्रारंभ मंगळवार दुपारी, समाप्ती बुधवार दुपारच्या आत. बायका येता जाता बघतात आणि मान डोलावतात. मला वाटतं, काम झालं.

दूध मात्र दिवसागणिक आटतं आहे. कॅन गळ्यापर्यंत येतात ते सगळ्यांनी घातलं तरच. बनाबाईची म्हैस भाकड झाली, शेळीचं दूध आणून त्यात खपवायला बघत होती. आत्याबाईंनी नुसतं वासावरून ओळखलं आणि बनाबाईला विचारलं, तुझ्या म्हशीला दाढी फुटली का गं. ती दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. दुसरी म्हैस व्याली होती.

कडूबाई परत आली होती. बाजार पाडव्यानंतरच्या रविवारी भरतो. तिला सांगितलं, बैठक पाडव्यानंतर आहे. ती म्हणाली, मग बाजार झाल्यावर मी येऊन बैठक बघून जाईन. मी चहा घे म्हटलं. म्हणाली, चहा सोमलिंगाकडं आपलाच असतोय.

सोमलिंगाचा चहा तिच्या आणि तिच्या वाड्यातल्या बायकांच्या दुधाचा असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याविषयी कुणी बोलत नाही, इतकंच.

तुमचे बंधू खुशाल आहेत. बहिणीला भेटायचं तर जमीन बरोबर नेता येत नाही म्हणाले. दाजींची तब्येत कळवा. मनात असू द्यावं.

तुमची
चांगुणा


॥ श्री ॥

सोलापूर
६ एप्रिल १९८६

चि. सौ. चांगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

हे पत्र घाईत लिहिते आहे आणि आजच्या आज पेटीत टाकते आहे. तुझं पत्र वाचून जेवण गोड लागेना.

फळ्यावर दोन्ही वार कशाला लिहिलेस? तू मॅट्रिक आहेस, आपल्या बायका नाहीत. त्या मंगळवार वाचतील त्या मंगळवारी दूध ठेवतील, बुधवार वाचतील त्या बुधवारी ठेवतील. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्या शेजारणीला विचारून दोन्ही दिवस ठेवतील, कारण शंकेला अवस धरलेली बरी असं आपल्यात आहे. आईच्या तोंडून एकच वार सगळ्यांना सांग आणि फळा पुसून टाक.

हे पत्र मंगळवारच्या आत पोचावं.

तुझी
धुरपदा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

लोहारा
११ एप्रिल १९८६

ती. सौ. धुरपदा वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल पाडव्याच्या दिवशी मिळालं. पोस्टमननं गुढीखाली आणून दिलं. तुम्ही लिहिलं होतं ते सगळं अगदी तसंच झालं होतं, फक्त दोन दिवस आधी.

मंगळवारी सकाळी एक कॅन भरला, दुसरा तळाला ओला. निम्म्या बायका आल्याच नाहीत. घरी जाऊन विचारलं तर म्हणाल्या, तूच तर फळ्यावर मंगळवार लिहिलास. ज्या आल्या त्या म्हणाल्या, आम्ही उद्या पाळणार, उद्या दूध न्हाय. दोन बायकांनी आजही घातलं नाही आणि उद्याही घालणार नव्हत्या. बलभीमानं कॅन हलवून बघितला आणि सरळ सांगितलं, वहिनी, माझ्या हातात काही न्हाय, उद्या असंच असलं तर परवा गाडी लोहाऱ्यात वळणार न्हाय.

फळा मी तिथंच पुसला. पुसून काही उपयोग नव्हता.

तुमच्या बंधूंना विचारलं काय करू. ते म्हणाले, मी बैलाचा माणूस, दुधाचं मला कळत न्हाय. मग थोड्या वेळानं आपणच म्हणाले, ज्यांच्यात अवस न्हाय त्यांच्याकडं जाऊन बघ. तेवढं बोलून शेतात गेले.

तशी उन्हातच बौद्धवाड्यात गेले. तिथं त्यांनी अवस-पुनवेचं सोवळं कधीच सोडून दिलं आहे. कडूबाई गोठ्यात म्हशीला पाण्याचा हात फिरवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हंजे तुमच्या देवाला दूध पाहिजे त्या दिवशी गाडीला आमचं पाहिजे, व्हय? मी म्हटलं, होय. खोटं बोलायला जागाच नव्हती. ती म्हणाली, म्हशीला अवस कळत न्हाय, ती रोज पान्हावती, पण एका दिवसापुरतं दूध द्यायला आमी काय उसनवारीचं भांडं न्हाय.

तिच्या वाड्यातल्या बाकीच्या बायका जमल्या. त्यांचं म्हणणं तिनंच सांगितलं. नावं संस्थेत घालायची, आजच. दूध वेगळ्या कॅनमध्ये नाही, त्याच कॅनमध्ये, त्याच मापानं. आणि ते देवळाच्या ओवरीत येणार नाहीत. आमी देव सोडले त्याला तीस वर्सं झाली, दुधासाठी पायरी चढायची न्हाय, असं म्हणाली. मी तिला सांगितलं, ओवरीत तुम्ही येऊ नये असं आमच्यातल्याही काहींचं म्हणणं आहे. त्यावर ती हसली. म्हणाली, मग एका गोष्टीवर तर गावाचं एकमत हाय.

घरी आले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं, तिन्ही अटींसकट. तुमचं मागचं पत्र लक्षात होतं, ढकलायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. सांगून मीही तांदूळ निवडायला बसले. त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या. मग विचारलं, कडूची म्हैस तीच का, एक शिंग वाकडं हाय ती? मी म्हटलं तीच. म्हणाल्या, ती चांगल्या अंगाची हाय. आणि मग म्हणाल्या, माझ्या घरचं दूध अवसेला बाहेर जाणार न्हाय, ते माझ्यापुरतं. दुसऱ्याचं दूध त्याच्या घरात कोंडून ठेवा असं मला कुठल्या पोथीत दिसलं न्हाय.

दुपारीच बैठक घेतली. बोलली ती बनाबाई. ती म्हणाली, एकाच कॅनमध्ये कसं चालेल, घरी सांगायचं काय. आत्याबाईंनी विचारलं, तुझा मालक रोज सोमलिंगाच्या हाटेलात दोन-दोन कप चहा पिऊन येतो, तो घरी येऊन काय सांगतो? बनाबाई पदर नीट करत बसली. नावं लिहिली. अध्यक्षांची सही झाली. त्यांना सही करायला केवढा वेळ लागतो तुम्हाला माहीत आहे. हरणाबाई हे आपलं नाव लिहिताना एकेक काना त्यांनी इतका सावकाश काढला की सगळ्यांना विचार करायला पुरेसा वेळ मिळाला.

जागा ठरली ती रस्त्यावरच्या लिंबाखाली, गाडी थांबते तिथंच. इतके दिवस आम्ही भरलेले कॅन ओवरीतून रस्त्यापर्यंत उचलून नेत होतो. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की माप रस्त्यावरच मांडावं.

बुधवारी सकाळी मी कॅन घेऊन लिंबाखाली गेले तर आत्याबाई आधीच तिथं पोत्यावर बसलेल्या. हातात माप. मी म्हटलं, आज अवस आहे, तुमचं दूध तर घरी आहे. म्हणाल्या, दूध घरी हाय, हात घरी ठेवायला कुणी सांगितलं न्हाय.

कडूबाई पुढं आणि मागं सगळ्या जणी ओळीनं आल्या. बलभीमाची गाडी यायच्या आत पहिला कॅन भरला. कडूबाईचं दूध आत्याबाईंनी मापलं तेव्हा महादेवाचं नाव नेहमीसारखं घेतलं. कडूबाईनंही आपलं जयभीम म्हटलं. दोन्ही एकाच वेळी झालं, दूध मात्र एकाच धारेनं पडलं. मंगळवारी ज्यांनी पाळलं होतं त्यांनी बुधवारी घातलं. दुसरा कॅनही गळ्याला लागला. बलभीमानं झाकण उघडून बघितलं, मग लिंबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. देव इकडं राहायला आला का, असं विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं, भाड्यानं.

थांबा राहिला. कडूबाईनं म्हैस बाजारात नेणार नाही असं सांगितलं नाही, पण परवा दारात नवीन दावं वळताना दिसली.

सोमलिंग नाराज आहे. त्याचा चहा पातळ झाला आहे आणि गावातले पुरुष लवकर घरी यायला लागले आहेत. काही बायकांना ह्यात फायदा दिसतो, काहींना नाही.

पाडव्याला श्रीखंड केलं नाही, गुळाचंच काहीतरी केलं. तुमची आठवण निघाली. माया पातळ करू नये.

तुमची
चांगुणा


॥ श्री ॥

सोलापूर
१९ एप्रिल १९८६

चि. सौ. चांगुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मिलच्या युनियनला अशी चिटणीस पाहिजे. मी म्हटलं, तिला फळा तेवढा देऊ नका.

चांगलं झालं. पण एक विचारते, मनात आल्याशिवाय राहत नाही. आईनं माप धरलं हे खरं. कॅन गाडीत गेला, गाडी सोलापूरला गेली, इथं आम्ही प्यायलो. तिच्या घरात काय आलं? आईला मी ओळखते. बाहेरच्या गोष्टीत ती पुढं जाते आणि उंबऱ्याशी आली की थांबते. मी तिला दोष देत नाही. मी स्वतः चाळीत राहून किती सुधारले ते मलाच माहीत. पण तू त्यांना संस्थेत घेतलंस, आता कडू कधीतरी दारात भांडं घेऊन उभी राहील. त्या दिवशी काय होईल ह्याची मला इथं बसून धास्ती वाटते. कडू दारातून परत गेली तर पुन्हा येणाऱ्यातली नाही आणि अपमान विसरणाऱ्यातली तर मुळीच नाही. तिनं आणि तिच्या बायकांनी हात आखडला तर तुझे कॅन पुन्हा अर्धे.

बनाबाई काय म्हणते? आईचे गुडघे लिंबाखाली बसून दुखत असतील. पोत्याखाली जुनी गोधडी घाल. नवी घालू नकोस, तू घालणारही नाहीस.

मुलांच्या परीक्षा झाल्या. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी
धुरपदा


॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

लोहारा
२५ मे १९८६

ती. सौ. धुरपदा वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

महिना उलटून गेला पत्राला. ऊन असं आहे की शाई निबाला येईपर्यंत वाळते. जुनी गोधडी घातली. आत्याबाईंना ती नवीच वाटते, कारण त्यांनी ती कधी घडी मोडून बघितली नव्हती.

चैत्राची अवस सुरळीत गेली. फळ्यावर मी काही लिहिलं नाही. आत्याबाईंनी एकच वार सांगितला आणि त्या दिवशी बौद्धवाड्यातल्या बायका आणि ज्यांना फारसं सोवळं नाही अशा दोघी-तिघी, एवढ्यांनी कॅन भरले. बनाबाई दूध घालते, पण सगळ्यांच्या शेवटी येते आणि लिंबाच्या सावलीबाहेर उभी राहते. ऊन तिलाच लागतं. 

आता खरी गोष्ट. उन्हामुळं आपल्या घरांतलं दूध निम्म्यावर आलं आहे. धरणाकडं चरणाऱ्या त्यांच्या म्हशी टिकल्या, त्यामुळं कॅन त्यांच्यावरच भरतात. आणि पंधरा दिवसांपूर्वी कडूबाई माप संपल्यावर थांबली आणि म्हणाली, वैशाखी पुनवेला आमचं दूध येणार न्हाय. त्या दिवशी त्यांची बुद्धपौर्णिमा, विहारात खीर करून सगळ्यांना वाटतात. दूध घराबाहेर विकत नाहीत. मी विचारलं, थोडंसुद्धा नाही का. ती म्हणाली, तुमच्या अवसेला थोडंसुद्धा जातं का?

 भीती अशी की आदल्या दिवशीचंही दूध त्या खिरीसाठी आटवून ठेवणार होत्या, म्हणजे लागोपाठ दोन दिवस जाणार. आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांनी आपली अवस भरली, आपण त्यांची पुनव भरायची, त्यात बैठक कशाला घेतीस.

आणि त्या गुडघ्यांनी त्या स्वतः दारोदार गेल्या. मी बरोबर जाते म्हटलं तर नको म्हणाल्या. मी गेले की बायका पंचांग विचारतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक दारात एकच सांगितलं, गुरुवारी आणि शुक्रवारी चहा बिनदुधाचा करा, सगळं दूध लिंबाखाली आणा. कुणी म्हणालं, त्यांच्या सणासाठी आपण का उपाशी राहायचं. आत्याबाईंनी विचारलं, अवसेला त्यांनी कॅन भरले नसते तर आज दूध काढायला म्हैस दावणीला राहिली असती का? बनाबाईच्या दारात गेल्या तेव्हा ती आतून बाहेर आली नाही. आत्याबाई पायरीवर बसल्या आणि गुडघे चोळत राहिल्या. शेवटी बनाबाईनं पाणी आणून दिलं.

परवा पुनवेला आमच्या घरी काळा चहा झाला. तुमचे बंधू एक घोट घेऊन कपात बघत बसले, मग म्हणाले, रंग छान आहे. महादेवाला पळीभर दूध वाहिलं, बाकी सगळं नेलं. बनाबाई त्या दिवशी पहिली आली. का ते तिनं सांगितलं नाही. दोन्ही कॅन भरले. गळ्याला थोडे कमी होते, पण बलभीमानं झाकण न उघडताच गाडीत चढवले. आधी आदळून बघायचा.

दुपारी ऊन उतरल्यावर कडूबाई आपल्या दारात आली. हातात पितळी डबा, वर फडकं बांधलेलं. तुम्हाला जी धास्ती होती तोच प्रसंग, म्हणून अगदी जसं झालं तसं लिहिते. तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला नाही, हातात धरून उभी राहिली. म्हणाली, कुणाचे उपकार फेडायला आणली न्हाय, आमच्यात खीर वाटायची रीत हाय, गावभर वाटतोय म्हणून तुमच्याकडं. आत्याबाई जोत्यावर होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि डबा घेतला. घेतला आणि मांडीवर ठेवला.  मग आत्याबाईंनी कडूबाईला तुमची थोरली आता कितवीला आहे ते सांगितलं, आणि कडूबाईनं तुम्हाला खुरपं धरायला कुणी शिकवलं ते सांगितलं. त्यावर दोघींचा वाद झाला. आत्याबाई म्हणाल्या मी, कडूबाई म्हणाली मी. तो मिटला नाही. ती गेली.

गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, देवळात दिवा लावून ये. दिव्याची वेळ झाली नव्हती. पण मी गेले. सावकाश गेले, सावकाश आले. आले तेव्हा डबा घासून चुलीपाशी पालथा घातलेला होता. घरात तुमचे बंधू नव्हते, मांजर आम्ही पाळलेलं नाही. त्यांनी खीर खाल्ली की कुणाला दिली की काय केलं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं होतं, घरात काय आलं. डबा आला. ह्यापलीकडं मी बघितलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

रात्री रिकामा डबा परत जायचा नाही म्हणून त्यात काय घालायचं हा प्रश्न आला. घरात गूळ संपलेला. आत्याबाईंनी बियाण्याच्या शेंगांच्या पोत्यात हात घातला. पोतं ह्यांनी पावसासाठी शिवून ठेवलं होतं, ते उसवून त्यांनी डबा भरला. हे दारात उभे होते. दाभण घेऊन पोतं परत शिवायला बसले.

पाऊस येईल तेव्हा येईल. आम्ही वाट बघतो आहोत आणि कॅन घासतो आहोत. मुलांना इकडे पाठवा, काळा चहा पाजू. लोभ जसा आहे तसाच, न मोजता, राहू द्यावा.

तुमची
चांगुणा

ता. क. आत्याबाई शेजारी बसल्या आहेत आणि त्यांच्या चार ओळी लिही म्हणतात. त्या सांगतील तसं लिहिते. धुरपदे, दोन महिने झाले मला पत्र नाही, सगळं चांगुणाला लिहितेस. खुरपं धरायला तुला मीच शिकवलं. कडू विचारील तर तसंच सांग. तिच्या खिरीत तांदूळ जरा जास्त शिजला होता आणि गोड बेताचं होतं. पुढच्या पुनवेला मी तिला सांगणार आहे.